मुलाच्या हाती पहिले पितळी वाद्य

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच माझी पुंजी. विद्वत्तेचा विषय मजजवळ नाही. परंतु शाळेच्या बँडपथकाची जबाबदारी वीस-बावीस वर्षे मजकडे होती. त्या काळात जे थोडे ज्ञान पदरी पडले, ते बरेचसे चुका करून पडले. आणि चुका करून मिळालेले ज्ञान स्वतःजवळ ठेवू नये, असे मला वाटते. म्हणून आजचा विषय असा निवडला आहे : आपला मुलगा वा मुलगी ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य शिकावयाचे म्हणू लागली, तर तिला पहिले वाद्य कोणते आणि कसे पारखून घेऊन द्यावे?

विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडली असेल. पेटी, तबला, फार तर बासरी, इथवर आपली तयारी असते; पण “आपल्या घरच्या मुलाने का बँड वाजवावयाचा?” असा प्रश्न आजही ऐकू येतो. या प्रश्नाचे उत्तर मी प्रथमच देऊन टाकतो. ज्यांच्या वाद्यांच्या घोषात आपण आपली मुले बोहल्यावर चढवितो, त्यांच्या विद्येस हलके लेखणे आपणांस शोभत नाही. शिवाय ही विद्या आपल्याला परकीही नाही. देवघरातील शंख, देवळापुढील शिंग, गडावरची तुतारी ही सर्व याच कुळातील. शेजारच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जात असे, आणि त्या शिकवणीतून कसलेले वादक तयार होऊन मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटांत आले. १९५१ सालच्या ‘अल्बेला’ चित्रपटातील सी. रामचंद्र यांचे संगीत आपल्यापैकी पुष्कळांस पाठ आहे. त्या संगीतास गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ लाभली होती, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. लष्कर, नौदल व पोलीस यांच्या बँडपथकांतून या वाद्यांच्या जाणकारांस मानाचे स्थान आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीतपरीक्षा भारतात होतात, त्यांतही या वाद्यांचा समावेश आहे. तेव्हा मुलाने हौस धरली तर ती दडपू नये.

आता हे वाद्य बोलते कसे, ते थोडक्यात पाहू. कारण ते समजल्याखेरीज खरे-खोटे पारखता येणार नाही. बासरीत फुंकर कडेवर आपटते, सनईत पत्ती कंप पावते. पितळी वाद्यात वादकाचे ओठच कंप पावतात. नळीच्या टोकाशी एक लहानशी वाटी असते, तिला माउथपीस म्हणतात. ती ओठांवर टेकवून, ओठ मिटून, भुंग्यासारखा गुंजारव करीत हवा सोडली की नळीतील हवेचा स्तंभ डोलू लागतो व नाद उमटतो. तुतारीला छिद्रे नसतात. त्यामुळे तिच्यातून षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरील गंधार असे ठराविक स्वरच निघतात. अखंड सप्तक निघत नाही. ही अडचण युरोपात दोन कारागिरांनी दूर केली. ष्टोल्झेल व ब्लूमेल ही त्यांची नावे. त्यांना १८१८ साली बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचे पेटंट मिळाले. पुढे सुधारणा होत होत आजचा पिस्टन आला. पिस्टन दाबला की हवा एका जादा नळीतून वळसा घेऊन जाते, नळी तेवढी लांब होते व स्वर खाली उतरतो. पहिला पिस्टन पूर्ण स्वराने, दुसरा अर्ध्याने व तिसरा दीड स्वराने उतरवितो. तीन बोटांच्या उलटसुलट दाबण्यातून सर्व स्वर साधतात. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर ती सुमारे दीड मीटर भरेल.

या रचनेवरून एक गोष्ट ध्यानात येईल. सारा खेळ हवेचा आहे. पिस्टन व त्याचे घर यांमध्ये केसाएवढीही फट राहून चालत नाही. फट राहिली की हवा मधल्यामध्ये झिरपते, स्वर फाटतो, आणि वाजविणाऱ्याने कितीही जीव काढला तरी तो जुळून येत नाही. जाणत्या वादकाला हे लगेच उमगते. मुलाला उमगत नाही. त्याला वाटते, दोष आपलाच आहे.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. १९८८ साली आमच्या शाळेला एका मोडलेल्या पथकाची सात-आठ जुनी वाद्ये देणगीदाखल मिळाली. आम्ही ती चिंच लावून लखलखीत घासली आणि मुलांना वाटून दिली. पाचवीतील एक मुलगा रोज सर्वांच्या आधी येई, वाद्ये पुसून मांडून ठेवी. त्याच्या वाट्यास एक कॉर्नेट आला. इतर मुले महिन्याभरात चार स्वर काढू लागली. त्याच्या वाद्यातून नुसती फुसफूस निघे. तो फुंकून फुंकून लालबुंद होई. एके दिवशी, स्वातंत्र्यदिन जवळ आला असता, मी त्राग्याने सर्वांदेखत म्हणालो, “तुझ्या छातीत दमच नाही रे. तू आपला ताशा घे.” त्याने ताशा घेतला नाही. कॉर्नेट पुसून जागेवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तालमीस आला नाही.

१९९० साली लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार आमच्या गावी राहावयास आले. मी त्यांना पथक दाखविले. त्यांनी एकेक वाद्य तपासले, तो कॉर्नेट ओठांस लावला, दोनदा फुंकला व खाली ठेवीत म्हणाले, “गुरुजी, हा मलाही वाजत नाही. पोराला काय वाजणार?” दुसरा पिस्टन झिजून हवा गळत होती. मी त्या मुलाच्या घरी गेलो, तो वडिलांची बदली होऊन ते कुटुंब गाव सोडून गेले होते.

त्या हवालदारसाहेबांनी पुढे अनेक रविवार मला वाद्यांची पारख शिकविली. आज जे सांगणार आहे ते बहुतांशी त्यांचे आहे.

पहिली गोष्ट, वयाची. दुधाचे दात पडून समोरचे कायमचे दात नीट बसल्यावाचून घाई करू नये. साधारणपणे आठव्या-नवव्या वर्षानंतर आरंभ करणे बरे. दातांना तारा बसविल्या असतील किंवा बसवावयाच्या असतील तर दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. वाद्य विकत घेण्यापूर्वी मुलाला नुसत्या माउथपीसवर चार-आठ दिवस गुंजारव करू द्यावा. शाळेत स्काउटचा किंवा बँडचा बिगुल असेल तर एक-दोन महिने तो वाजवू द्यावा. बिगुलास पिस्टन नसतात, मोडण्यासारखे फारसे काही नसते, आणि मुलाची हौस चार दिवसांची की टिकाऊ, हे अल्प खर्चात समजते.

दुसरी गोष्ट, वाद्य कोणते. माझ्या मते आरंभास कॉर्नेट किंवा ट्रम्पेट योग्य. दोहोंची नळी सारख्याच लांबीची व बोटांचे नियमही तेच. कॉर्नेटची नळी अधिक वळसे घेतलेली असल्यामुळे तो आटोपशीर असतो, त्याचा भार अंगाजवळ राहतो आणि लहान हातांना तो पेलतो. त्याचा आवाजही मऊ. ट्रम्पेट अधिक तेजस्वी, आणि आपल्याकडे अधिक सहज मिळणारा. दोन्ही बहुधा बी फ्लॅटचे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाचचे, घ्यावेत. शिकविणाऱ्यांची पुस्तके व पथकातील इतर वाद्ये त्यांनाच अनुसरून असतात.

ट्रॉम्बोनला पिस्टनऐवजी पुढेमागे सरकणारी नळी असते. सतारीवरील मींड ज्याच्या कानास रुचते, त्याला हे वाद्य फार प्रिय होते. परंतु त्याच्या सात स्थानांपैकी शेवटच्या स्थानापर्यंत लहान मुलाचा हात पुरत नाही, आणि सरकती नळी किंचित पोचली तरी अडकते. हात लांबेपर्यंत थांबणे श्रेयस्कर. अलीकडे प्लास्टिकचे हलके ट्रॉम्बोनही निघाले आहेत; आरंभास ते अगदीच त्याज्य नव्हेत. युफोनियमची वाटी मोठी असल्याने त्यातून नाद लवकर निघतो, पण ते वाद्य जड व महाग. ते शाळेने घ्यावे, पालकांनी नव्हे. फ्रेंच हॉर्नचे स्वर एकमेकांस इतके लगटून असतात की नेमका स्वर पकडण्यास तयार कान लागतो. ते पहिले वाद्य म्हणून शक्यतो निवडू नये. जाड ओठाच्या मुलास मोठे वाद्य व पातळ ओठाच्या मुलास लहान, असा एक समज आहे. त्यावर सर्वस्वी विसंबू नये. मुलाच्या कानाला ज्याचा आवाज गोड लागतो, त्याच वाद्यावर ते चिकाटी धरते.

तिसरी गोष्ट, आधी शिक्षक व मग वाद्य. आपल्या गावात ट्रम्पेट शिकविणारे कोणी नसेल आणि कॉर्नेटचे जाणकार मिळत असतील, तर कॉर्नेटच घ्यावा. आणि खरेदीस जाताना त्या शिक्षकास सोबत न्यावे. त्यांचा प्रवासखर्च व चहापाणी करावे. तेवढ्याने मोठी हानी टळते.

चौथी गोष्ट, पैशाची, आणि येथेच बहुतेक कुटुंबे फसतात. मोबाइलवर पाच-सात हजारांत झगझगीत ट्रम्पेट दिसतो, सोबत पेटी, हातमोजे, सर्व काही. मध्यमवर्गीय पिता मनाशी म्हणतो, “आधी हा घेऊ, मुलाने प्रगती केली तर पुढे चांगला घेऊ.” हा विचार काटकसरीचा दिसतो, पण तो उलटा आहे. ज्याला वाजविता येते तो वाईट वाद्यातूनही काही काढील. ज्याला अद्याप येत नाही, त्यालाच वाद्याची खरी साथ हवी असते. वाद्याचे पितळ हे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाचे असते आणि वरून त्यावर पारदर्शक लॅकर किंवा चांदीचा मुलामा असतो. चकाकी ही त्या मुलाम्याची. तिचा नादाशी संबंध नाही. यामाहासारख्या कंपन्या विद्यार्थ्यांकरिता स्वतंत्र प्रतीची वाद्ये काढतात. ती नवी घेणे झेपत नसेल तर चांगल्या प्रतीचे जुने वाद्य घ्यावे. स्वस्त नव्यापेक्षा निर्दोष जुने कधीही बरे. मुंबईत धोबी तलाव येथे १८६५ सालापासूनचे फुर्टाडो यांचे दुकान आहे. उत्तरेत मेरठ शहर बँडच्या वाद्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु माल कोठचाही असो, हाती येणारे नग पारखूनच घ्यावे.

ही पारख आता क्रमाने सांगतो. मातांनी व पित्यांनी ती टिपून घ्यावी. तिला संगीत यावे लागत नाही.

एक : पिस्टन एकेक दाबून सोडावा. तो न अडखळता, खरखर न करता झटकन वर आला पाहिजे. दोन : पिस्टन न दाबता त्याच्या बाजूची छोटी नळी थोडी बाहेर ओढावी आणि मग पिस्टन दाबावा. “टप्” असा आवाज आला तर बहुधा हवा धरून राहते आहे. आवाज आलाच नाही तर शंका घ्यावी व वादकाकडून खात्री करून घ्यावी. तीन : सर्व सरकत्या नळ्या हाताने निघतात की नाही पाहावे. गंजून बसलेली नळी पक्कडीने ओढू नये. माउथपीस अडकून बसला असेल तर तोही पिळू नये. तो काढण्याचे निराळे साधन कारागिराजवळ असते. चार : कर्ण्याच्या रुंद तोंडावर लहानसा पोचा असेल तर फारसे बिघडत नाही, पिस्टनच्या घरावर किंवा माउथपीसजवळच्या नळीवर पोचा असेल तर ते वाद्य सोडून द्यावे. पाच : त्याच नळीवर गुलाबी डाग व त्यात काळसर ठिपका दिसतो काय, ते उजेडात पाहावे. तेथील जस्त झडून गेले आहे व पुढे भोक पडणार आहे, असे समजावे. सहा : सांध्यांचा डाख सुटलेला नसावा. सात : सोबतच्या वादकाने थोडा वेळ वाजवून वाद्य तापवावे व पिस्टन न दाबता लागणारा स्वर जुळवून पाहावा. स्वर जुळविण्याचे साधन आता मोबाइलमध्येच मिळते. मोठी नळी पूर्ण आत ढकलूनही स्वर उतरलेलाच राहत असेल तर ते वाद्य मुलाला जन्मभर बेसूर ठेवील.

माउथपीसच्या बाबतीत हयगय नको. वाद्य जुने चालेल, पण माउथपीस स्वच्छ, कडा न झिजलेला व वरील मुलामा न उडालेला असावा. ट्रम्पेटच्या विद्यार्थ्यास बहुधा ७सी या मापाचा देतात. मोठ्या वादकाचा खोल किंवा उथळ माउथपीस आणून मुलाला देणे म्हणजे वडिलांच्या वहाणा घालून त्याला पळावयास लावणे होय.

वाद्य घरी आल्यावर त्याची निगा हीच त्याची खरी शिकवण. आमच्या हातून झालेला अपराध आपण करू नये. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासण्याची पूड लॅकर असलेल्या वाद्यास कदापि लावू नये. आंबटाने व घासण्याने मुलामा जातो. कोमट पाण्याने धुवावे, कढत पाण्याने नव्हे. पिस्टनला त्याचेच पातळ तेल घालावे. खोबरेल थंडीत गोठते व पिस्टन जाम होतो. तिन्ही पिस्टनांवर क्रमांक असतात. ते आपापल्या घरातच, योग्य बाजूने बसवावेत. एवढी चूक झाली तरी फुंक आत जात नाही आणि मूल घाबरून म्हणते, “वाद्य मोडले.” वाजवून झाल्यावर आतील पाणी काढून टाकावे व वाद्य पेटीत ठेवावे.

सरावाविषयी एवढेच सांगतो की आरंभी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. ओठ हा स्नायू आहे. तो थकला की थांबावे. इमारतीत शेजारी असतात. त्यांना आधी सांगून एक वेळ ठरवून घ्यावी. जे मूल ठरल्या वेळी सुरू करते व ठरल्या वेळी थांबते, त्याच्याबद्दल शेजारी कुरकुर करीत नाहीत, उलट एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर चौकशी करतात, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा विषय निवडला, तो सांगतो. गेल्या दिवाळीत एक गृहस्थ पत्ता शोधीत माझ्या घरी आले. सोबत दहा-अकरा वर्षांची कन्या होती. त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा मी ओळखले. कॉर्नेट पुसून ठेवणारा तोच मुलगा. म्हणाले, “गुरुजी, हिला ट्रम्पेट शिकायचा आहे. कोणता घेऊ? मला यातले काही कळत नाही. माझ्या छातीत दम नव्हता, हे तुम्ही तेव्हाच ओळखले होते. हिच्यात आहेसे वाटते.”

सदतीस वर्षे त्यांनी माझे ते वाक्य खरे मानून जपले होते. मी त्यांना पिस्टनची सारी हकीगत सांगितली. ते बराच वेळ स्वस्थ बसले. मग त्यांनी विचारले, “म्हणजे मला वाजवता आले असते?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. मी त्यांची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या रविवारी आम्ही तिघे वाद्य पाहावयास गेलो. पहिली दोन वाद्ये त्या गृहस्थांनी स्वतः नळी ओढून, पिस्टन दाबून, आवाज न आल्यामुळे बाजूला ठेवली. तिसरे घेतले. ते जुने आहे, कर्ण्यावर एक पोचा आहे, पण त्यातून हवा गळत नाही.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना करतो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना ढाली व पदके देतो, ते योग्यच आहे. शाळांतून पुस्तक-पेढी असते, तशी मंडळाची एक लहानशी वाद्य-पेढी का असू नये? दोन-तीन निर्दोष वाद्ये मंडळाने घ्यावीत, जाणकाराकडून तपासून घ्यावीत, आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलांना वर्षभर वापरावयास द्यावीत. मूल टिकले तर कुटुंबाने स्वतःचे घ्यावे. न टिकले तर वाद्य दुसऱ्याकडे जाईल व कोणाचे नुकसान होणार नाही. या पेढीस आरंभ म्हणून माझी यथाशक्ती देणगी मी कोषाध्यक्षांकडे आज सुपूर्त केली आहे. दरवर्षी ती वाद्ये तपासण्याचे काम, हातपाय चालत आहेत तोवर, मी आनंदाने करीन.

मूल जर एखाद्या विद्येत मागे पडत असेल, तर त्याला बोल लावण्यापूर्वी त्याच्या हातातील साधन एकदा आपण स्वतः फुंकून पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.